विहिरीच्या अलीकडे

“चाळीस नंबर यादीतून उडव,” वैजनाथ सर म्हणाले. “आजींना खेळ कळलेलाच नाही.”

यशोधराचा हात माउसवर होता, पण बोट हलेना. चाळीस नंबर म्हणजे तिची आजी, भिमाबाई. नातीचा प्रयोग आहे म्हणून तिसगावहून सकाळच्या एसटीने नगरला आलेली. आता ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फिरत्या खुर्चीवर पाय वर घेऊन, व्हीआर चष्मा कपाळावर सरकवून निवांत बसली होती. खुर्ची गोल फिरते हे तिला फार आवडलं होतं.

खेळ तसा सोपा. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर गावातली वाट दिसते आणि टोकाला विहीर. विहीर नीट बघून घ्यायची. मग घरं, झाडं, विहीर सगळं नाहीसं होतं, उरते नुसती मातीची वाट. हातातलं बटण दाबून त्या वाटेने पुढे सरकायचं. विहीर होती त्या जागी आलो असं वाटलं की बटण सोडायचं आणि “पोचलो” म्हणायचं. किती अंतर कापलं हे नुसत्या डोळ्यांना कितपत कळतं, एवढंच मोजायचं होतं. चित्रातलं गाव यशोधराने आपल्याच गावाचे फोटो काढून बनवलं होतं. विहीरही तिथलीच, मारुतीच्या देवळासमोरची.

पहिल्या एकोणचाळीस जणांनी नुसती धमाल उडवून दिली होती. कुणी निम्म्या वाटेत थांबला, कुणी विहीर ओलांडून थेट देवळात शिरला. अंतर वाढलं की चूकही वाढायची. चांगली शिकलीसवरलेली माणसं, पण डोळ्यांनी एकेकाला फसवलं. सरांना आलेख असाच हवा होता. भिमाबाई मात्र दर वेळी विहिरीच्या अलीकडेच थांबली. वर “पोचले” म्हणायचं सोडून दर वेळी म्हणाली, “थांबले.” यशोधराने दोनदा हसून चूक दाखवली, मग नाद सोडला.

“अहवालावर आजच सही हवी ना?” सरांनी घड्याळ पाहिलं. “मग उडव आणि पुढे चल.”

यशोधराने आकडे पुन्हा उघडले. वाट वीस मीटरची होती तेव्हा आजी आठ मीटर आधी थांबली होती. पस्तीसची होती तेव्हाही आठ. साठची होती तेव्हाही आठच. बारा वेळा खेळली आणि बाराही वेळा त्याच जागी थांबली.

“सर, ज्याला खेळ कळला नाही तो माणूस इतका नेमका चुकत नाही,” ती म्हणाली आणि आजीची खुर्ची आपल्याकडे वळवली. “आजी, तू विहिरीपर्यंत का जात नाहीस?”

“गेले की.”

“नाही गेलीस. आठ मीटर आधी थांबतेस.”

“मंग? तिथंच थांबायचं असतंय.” भिमाबाईला नातीच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “बहात्तरच्या दुष्काळात आपल्या वस्तीची हीर आटली. मी नवी नवरी. मंग ह्याच हिरीवर यावं लागायचं. यायचं म्हंजी कुठवर? तिथं एक धोंडा हुता, तू चित्रात काढला न्हाईस त्यो. त्याच्याजवळ घागर ठिवायची अन् उभं ऱ्हायाचं. गावातल्या बायास्नी दया आली तर लांबनं पानी वतायच्या. एकदा दोन पावलं म्होरं गेले, तर घागर फोडली माजी. तवापासनं पाय आपसूक थांबत्यात.”

महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण करून यशोधराने शाळेत ढाल जिंकली होती. घरातली फुटलेली घागर मात्र तिला आज कळत होती. याच विहिरीचे फोटो काढताना ती खुशाल कठड्यावर बसली होती, कुणी हटकलं नव्हतं. तिला आधी लाज वाटली आणि मग अंगाचा तिळपापड झाला.

“सर, हा आकडा राहणार.”

“आलेख बिघडेल.”

“बिघडू द्या.”

“मग मी सही करणार नाही.”

“नका करू. एकोणचाळीस जणांना समोर दाखवलेली विहीर सापडली नाही. या बाईने चित्रात नसलेला धोंडा बाराही वेळा शोधून काढला. तिला खेळ कळला नाही असं मी लिहिणार नाही.”

 

“भांडू नगा,” भिमाबाई म्हणाली. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “यशे, लाव पुन्यांदा. लांबची लाव, साठाची.”

विहीर दिसली आणि नाहीशी झाली. म्हातारीने बटण दाबलं. सरही नकळत संगणकाच्या पडद्याशी वाकले. वीस मीटर. चाळीस. पन्नास. बावन्नला वाट थबकली.

भिमाबाईने खुर्चीवरचे पाय खाली सोडले, फरशीवर घट्ट रोवले आणि बटण पुन्हा दाबलं. त्रेपन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न. मग तिने बोट उचललं. पडद्यावर आकडा उमटला: साठ मीटर, चूक चार सेंटिमीटर.

चष्मा न काढताच तिने मान वर केली आणि बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पोचले.”