निर्दोष

विधी महाविद्यालयांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेच्या अंतिम फेरीत न्यायासनावरून निवृत्त न्यायमूर्ती खांडेपारकरांची यंत्रात उतरवलेली बुद्धी बोलत होती. स्वतः खांडेपारकर पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. स्पर्धक विद्यार्थ्यांना खटला निवडायची मुभा होती. कस्तुरा धुमाळने नावं बदलून एका आरोपी कारकुनाच्या बाजूने खटला लढवला.

यंत्राने निकाल दिला, "एवढ्याशा पुराव्यावर शिक्षा हा अन्याय ठरेल. आरोपी निर्दोष."

टाळ्या ओसरल्यावर कस्तुरा खांडेपारकरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, हा माझ्या बाबांचा खटला. याच पुराव्यावर तुम्ही त्यांना दहा वर्षं दिलीत. ते तुरुंगातच वारले."

खांडेपारकरांचा चेहरा उतरला. "माझ्यावर वरून दबाव होता, बाळ," ते पुटपुटले.

कस्तुराने माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मोठ्यानं बोला. आई मागच्या रांगेत बसलीय."