आरशाआड

“मामाजी, पोरगी! ब्रेक मारा!”

सून किंचाळली आणि शेषरावांचा पाय ब्रेकवर आदळला. गाडी करकचून थांबली. बॉनेटपासून वीतभर अंतरावर एक सायकल उभी होती. सायकलवर शाळेच्या गणवेशातली बारा-तेरा वर्षांची मुलगी, एक पाय डांबरावर टेकवून, हँडल घट्ट धरून.

शेषरावांना ती दिसली ती तिथेच. त्याआधी नाही.

दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं. शेंदूरजनाघाटच्या अलीकडे, डावीकडच्या संत्र्याच्या बागांमधून येणारी वाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तो हा फाटा. वाटेच्या दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळी जमीन. लपायला एक झुडूपही नव्हतं.

ते खाली उतरले.

“लागलं का कुठं, माय?”

मुलीनं मान हलवली. रडत नव्हती ती, पण ओठ पांढरे पडले होते.

“आजोबा, मी तं पार तिकडून तुमच्याकडंच पाहून राहिली होती,” ती म्हणाली. “तुमी बी माह्याकडंच पाहून राहिले होते. मले वाटलं, तुमी थांबता.”

“शिकवणीले उशीर होऊन राहिला,” म्हणत तिनं सायकल वळवली आणि वरूडच्या दिशेनं निघून गेली.

शेषरावांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती, त्यातली निम्मी धारणीच्या जंगलातल्या रस्त्यानं. चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती.

“तू कवापासून पाहून राहिली होती तिले?”

“बागेच्या तारेपासून,” प्रणाली म्हणाली. “मले वाटलं, तुमाले दिसूनच राहिली असन.”

शेषरावांनी समोर पाहिलं. विजेच्या खांबावरचा आकडा वाचला. त्याच्याही पुढच्या पाटीवरची अक्षरं वाचली. सगळं स्वच्छ दिसत होतं. डोळे शाबूत आहेत, म्हणजे बिघडलं ते डोक्यात. थोरले भाऊ, महादेवराव, त्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी समोरचं ताट दिसेनासं झालं. आता पोटच्या लेकीला विचारतात, बाई, तुमी कोन?

“अमोलले सांगू नको,” लेकाचं नाव घेत ते हळूच म्हणाले.

मुलीची पाण्याची बाटली वाटेवर पडून राहिली होती. ती उचलायला म्हणून प्रणाली उतरली आणि पुढून डावीकडे चालू लागली. शेषराव काचेतून तिच्या गुलाबी साडीकडे बघत राहिले. एक पाऊल, दुसरं पाऊल.

मग ती नव्हती.

रस्ता होता, नांगरलेलं शेत होतं, लांबची बाग होती. प्रणाली नव्हती.

“प्रणाली!”

“काय जी, मामाजी?”

आवाज समोरूनच आला. ते दचकून स्टिअरिंगवर झुकले. प्रणाली उभी होती, दहा-बारा पावलांवर, हातात बाटली घेऊन. ते मागे टेकले. ती गेली. पुन्हा झुकले. आली.

ती जिथे नाहीशी होत होती, तिथे समोरच्या काचेवरच्या आरशाची काळी पाठ होती. कंपनीचा आरसा लहान पडतो, मागे बसलेली पोरं दिसत नाहीत, म्हणून अमोलनं त्यावर दुसरा हातभर लांब आरसा अडकवला होता. कंबरेच्या दुखण्यामुळे शेषराव खाली उशी घेऊन बसले होते. आरसा नेमका डोळ्यांसमोर आला होता, आणि त्याच्यामागे अख्खा माणूस मावत होता. गाडी फाट्याकडे येत होती, सायकलही फाट्याकडेच येत होती. दोघींचा वेग असा जुळत गेला, की मुलगी शेवटपर्यंत आरशाच्या आड राहिली. ठेंगण्या प्रणालीला आरशाखालून सगळं दिसत होतं.

डोकं ठिकाणावर होतं. शेषरावांना हसू यायला लागलं. डोळ्यांत पाणीही आलं. प्रणाली परत येऊन बसली तेव्हा त्यांनी तिला सगळं करून दाखवलं, लहान पोरासारखं झुकून, मागे टेकून.

ती हसली नाही.

“मामाजी,” ती म्हणाली, “तुमी आज उशी घेतली म्हणून एवढे उंच झाले. ते तं बिनउशीचेच तेवढे हायेत.”

‘ते’ म्हणजे तिचा नवरा. अमोल बापापेक्षा चार बोटं उंच होता. शेंदूरजनाघाटला त्याचं खतांचं दुकान. रोज सकाळी दहाला तो याच गाडीनं, याच फाट्यावरून जायचा; आज तेवढी गाडी बापाकडे ठेवून बसनं गेला होता. शाळा भरायची वेळही तीच.

त्यांनी हिसका देऊन तो लांब आरसा काढला आणि मागच्या सीटवर टाकला. मग अमोलला फोन लावला. प्रणालीनं फोन हातात धरला आणि आवाज मोठा केला.

“अमोल, सकाळच्या वक्ती बागेच्या फाट्यावर शाळेची पोरं सायकलीनं येतात. तू जपून जातो न?”

पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती.

“बागेच्या फाट्यावर?” तो म्हणाला. “तिथं कुठची पोरं, बाबा? दोन वर्षं झाली, रोज जातो मी. मले तं तिथं कधी कोनीच दिसलं नाही.”