कपाटातल्या तीन मूर्ती

प्रविणला मिळवायचं होतं ते असं: रोह्याच्या धनेशशेठची परदेशी जाणाऱ्या मूर्तींची कायमची ऑर्डर, पेणच्या कारखान्यावर पत्र्याऐवजी स्लॅब, आणि आळीत चारचौघांसमोर "मी म्हणालो नव्हतो?" असं म्हणायचा हक्क. शेवटच्या गोष्टीवर त्याचा जीव जरा जास्तच होता. पणाला लावायला त्याच्याकडे एकच वस्तू होती, बापाचं नाव. म्हणजे तीही स्वतःची नाही.

बापाचं, पुंडलिकचं, नाव डोळ्यांच्या आखणीसाठी होतं. शाडूच्या मूर्तीला बाकी रंग कोणीही देवो, डोळे पुंडलिकनेच रेखायचे, तेही दार लावून. आत रंग कालवायला फक्त बायको, काशीबाई. माणसं बघत असली की हात चळतो, असं पुंडलिक सांगायचा, आणि मोठ्या कारागिराचं तऱ्हेवाईकपण म्हणून लोक ते कौतुकाने एकमेकांना सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून डोळे काशीबाईच रेखत होती. जन्मभर शेजारी बसून बघितलंय, आईचा हात बसला असणार, असं प्रविण धरून चालला. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. न कळलेला फरक सांगत बसण्याइतका प्रविण भोळा नव्हता.

आता फरक कळणारं यंत्र आलं होतं. धनेशची भाची मृणाली ब्लॉकचेनवर संशोधन करत होती. ती कारखान्यात येऊन समजावून गेली.

"मूर्ती कुणाच्या हातची याची नोंद एकाकडे नसते, दादा. पुष्कळ कॉम्प्युटरवर तीच प्रत. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे ती मानत नाहीत."

"आणि पहिल्यांदाच खोटं लिहिलं तर?"

"तर खोटंच कायमचं राहतं," ती हसली. "तीच तर अडचण होती आमची. मूर्तीवर टॅग लावला तर तो काढून दुसरीला चिकटवता येतो. म्हणून आता मूर्तीच्या अंगावरचीच खूण घेतो. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला. आधी हात जुळायला हवा, मगच नोंद, आणि नोंद झाली तरच मूर्ती परदेशी."

हात जुळवायचा होता धनेशच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवलेल्या तीन मूर्तींशी. पुंडलिकला मोठं बक्षीस मिळालं, त्या वर्षीच्या त्या. प्रविण तेव्हा पाळण्यात होता.

निघायच्या दिवशी त्याने नऊ मूर्ती पेंढ्यात बांधल्या. नऊही आईच्या हातच्या. मग फळीकडे बोट केलं.

"आये, ती पण दे."

ती मूर्ती विकायची नव्हती. चार वर्षांपूर्वी, बापाचा हात धडधाकट असताना, प्रविणने जाहिरातीच्या व्हिडिओसाठी हट्टाने दार उघडं ठेवायला लावलं होतं. पुंडलिकने लोकांसमोर रेखलेली तेवढी एकच.

"ती कशाला?" काशीबाई म्हणाली. "नऊ बास झाल्या की."

"आये गो, तीच तर खरी हाय! नऊ पडल्या तरी एक बाबांची निघेल. मग बाकीच्यांना कायतरी कारण सांगू."

पुंडलिक खाटेवरून म्हणाला, "त्या दिशी मला सर्दी होती."

"सर्दी नाकाला होते बाबा, हाताला नाय."

काशीबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पत्र्याकडे.

टेम्पो नागोठणं सोडून रोह्याच्या वाटेवर निडीला आला तरी दहावी मूर्ती काशीबाईच्या मांडीवरच होती.

"पकडलो गेलो तर मी बोलीन," प्रविण म्हणाला. "तू गप राहायचं."

"मी कवा बोललेय?"

दुकानात धनेशने चहा मागवला. प्रविणच्या चहावर साय धरली. मृणालीने पहिली मूर्ती कॅमेऱ्याखाली ठेवली, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"जुळली."

दुसरी जुळली. तिसरीही. पाचवीपाशी प्रविणने चहा एका घोटात संपवला, सातवीपाशी दुसरा मागितला. नववी जुळली तेव्हा त्याला आईच्या पाया पडावंसं वाटलं. यंत्रालाही फसवलं बाईने! कपाळाचा घाम पुसत त्याने मोठ्या तोऱ्यात दहावी उचलली.

"ही बघा, म्याडम. ही खास."

स्क्रीन लाल झाली. मृणालीने कॅमेऱ्याची काच पुसली, मूर्ती फिरवली, पुन्हा बघितलं. पुन्हा लाल.

"ही नाही घेता येणार, दादा. वाईट नाही रेखलेली, पण हात वेगळा आहे. कपाटातल्या तीन आणि या नऊ, सगळ्या एकाच माणसाच्या. ही दुसऱ्या कुणाची तरी."

धनेश हसला. "काय रे, नवीन गड्याला हात बसवायला दिलीस काय?"

प्रविणने कपाटातल्या मूर्तींकडे पाहिलं. मग आईकडे. ती दहावी मूर्ती पेंढ्यात गुंडाळत होती, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी.

"व्हय शेठ," ती म्हणाली. "एक शिकाऊ माणूस हाय आमच्याकडं. मनाचा लय चांगला, पण हात काय बसला नाय त्याचा."

मग ती मृणालीजवळ सरकली. "नऊचं झालं ना गो? ह्यांचं नाव लागलं?"

"लागलं, काकू. आता कुणालाच खोडता यायचं नाही."

"बरं झालं," काशीबाई म्हणाली, आणि कधीचा थंड झालेला आपला चहा तिने तेव्हा कुठे तोंडाला लावला.