पहिलं नाव

"एक्स-रे देता येणार नाहीत," डॉ. सुजित म्हणाले. "हॉस्पिटलच्या समितीची परवानगी यायचीय."

परवानगी मागच्या आठवड्यातच मिळाली होती. समितीच्या बैठकीला ते स्वतः हजर होते.

समोर बसलेली हिमानी अंबरनाथच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जीन्स फिकी करायला वाळूचा फवारा मारतात, त्या कारखान्यांतल्या धुळीचे नमुने तिने तपासले होते. तिथल्याच कामगारांचे एक्स-रे सुजितांकडे होते. दोन्ही शेजारी ठेवले की दुखणं टीबीचं की वाळूचं, ते ठरणार होतं.

"सर, आपल्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझंय म्हणून का?"

"छे! मात्र छातीच्या आजारावर आधी इंजिनिअर बोलणार, मग डॉक्टर. लोक हसतील, एवढंच."

"मग तुमचं टाका पहिलं. दुसऱ्या नावाला आमच्याकडे प्रमोशनमध्ये काडीची किंमत नाही, पण टाका."

"उपकार नकोत."

ती उठली तोच हिरामण दार ढकलून आत आला. सुजितांचा जुना पेशंट. डॉक्टरांसमोर तो हो-नाहीच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

"अरे, ताई! तुमी इथं? आमच्या घरी जेवल्याशिवाय जायचं नाय हां!" बोलताना त्याला धाप लागली.

"पुढच्या वेळी नक्की, दादा." ती सुजितांकडे न बघता बाहेर पडली.

"लय हुशार पोरगी, डॉक्टरसाहेब. धूळ मोजायचं मशीन घेऊन दिवसभर आमच्यात बसली. डब्यातलं खाल्लं पण."

सुजितही गेले होते त्या कारखान्यात. शेठने दारातूनच परत पाठवलं होतं.

त्यांनी हिरामणची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. दोन्ही फुप्फुसांत बारीक पांढरे ठिपके होते.

"सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, फरक नाय," हिरामण म्हणाला. "शेठ बोलतो, उद्या मशीनवर ये, नायतर दुसरा लावतो. जाऊ का नको? वाळूचंच असंल तर नाय जात."

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. हिमानी रिक्षासाठी हात करत होती. एक थांबली नाही. दुसरीही.

सुजित उठून खिडकीशी गेले. हाक ऐकू गेली असती.

त्यांनी पडदा ओढला.

"उजेड येतोय," ते म्हणाले. "फिल्म नीट दिसत नाही."