जोर वाढवायचाय

“भाऊजी, याचा जोर वाढवायचाय,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

फिटरच्या हातातला पान्हा हातातच राहिला. शेडच्या दारात उभा असलेला तो छोटा ट्रॅक्टर त्याने शंभरांत ओळखला असता. पुढे लोडरचे दोन हात, साखळीने वर बांधलेली बकेट, आणि डाव्या बाजूला फाटलेला होज, म्हणजे तेलाची रबरी नळी. दोन वर्षांपूर्वी फुटला तसाच तो लोंबत होता. कुणी तो बदललाच नव्हता.

वहिनी म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची बायको. नवराबायकोची झाडांची नर्सरी होती. मुळांभोवती मातीचा गोळा बांधलेली मोठाली झाडं ते या लोडरने उचलायचे. एका सकाळी झाड वर असताना होज फुटला, तेल उडालं आणि लोडरचे हात धाडकन खाली आले. मित्र खाली उभा होता. तो जागीच गेला.

तो होज फिटरनेच बसवलेला. अवघे दोन महिने आधी. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला आतून खात होतं. त्यानंतर त्याने लोडरचं काम घेतलं नाही. शेजारी कुणी टायरची हवा सोडली, की त्या फुस्स आवाजाने त्याच्या अंगावर काटा यायचा. स्वतःच्या शेडच्या पाटीखालून जातानाही तो आधी वर बघायचा. वहिनींच्या घरी तर त्याने पाऊलच टाकलं नव्हतं. कुठल्या तोंडाने जाणार?

“दुसऱ्या कुणाकडे न्या, वहिनी. मी लोडर सोडले.”

“माझ्याशी बोलणं सोडलंत, तेवढं पुरे झालं. हा लोडर बघा.”

“बरं, मग लोडरचे हात उचलणारे सिलिंडर जाड बसवून घ्या. चांगला माणूस सांगतो.”

“सिलिंडर नको. मागे तुम्ही केलं होतं, तसंच करा. व्हॉल्व्ह उघडून.”

“अहो, ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला वजन बांधल्याशिवाय जास्त उचललंत, तर तो नाकावर पडेल.”

“पडू दे. व्हॉल्व्ह उघडा.”

त्याने स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या नाहीत. त्याच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

फिटरला समजावून सांगायची भारी हौस होती. गिऱ्हाईक ऐको न ऐको, तो सांगायचाच. पूर्वी एकदा याच लोडरपाशी बसून त्याने दोघांना सांगितलं होतं, “हा व्हॉल्व्ह म्हणजे लोडरचं शहाणपण. ओझं झेपेनासं झालं, की हा उघडतो आणि तेल टाकीत परत सोडतो. आतल्या स्प्रिंगमागे एक चकती घातली, की स्प्रिंग घट्ट होते. मग गडी थोडं जास्त उचलतो.” आणि त्याने स्टीलची पातळ चकती घातली होती. एकच.

आता टोपण जाम बसलं होतं. लांब पान्हा लावून, अंगाचा भार टाकून त्याने ते फिरवलं. स्प्रिंग बाहेर आली. तिच्यामागून चकती आली. त्याची, स्टीलची. मग आणखी एक आली. मग आणखी एक.

अशा चार. अल्युमिनियमच्या, कात्रीने कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एकीवर ठोकलेलं अर्धं अक्षर दिसत होतं. नर्सरीत झाडांच्या नावाच्या पट्ट्या लावतात, त्या पट्टीतून ती कापली होती.

त्याची एक धरून पाच. स्प्रिंगला दबायला तसूभरही जागा उरली नव्हती. हा व्हॉल्व्ह उघडणंच शक्य नव्हतं. सगळा दाब होजवर आला असणार. होज कुणीही बसवलेला असता, तरी फुटला असता.

फिटर खाली फरशीवरच बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीत पुरता श्वास गेला.

आणि लगेच तो अडकला. म्हणजे मित्राने स्वतःच हे करून ठेवलं होतं? स्वतःच्या हाताने? आणि हे त्याच्या बायकोला सांगायचं? ती बिचारी नशिबाला बोल लावून जगत असेल. तिच्याकडचं तेवढंही काढून घ्यायचं?

त्याने चकत्या मुठीत घेतल्या. मूठ खिशात घातली.

“व्हॉल्व्ह ठीक आहे, वहिनी,” तो खाली बघत म्हणाला. “होजच कच्चा होता. चूक माझीच होती. तुम्हाला कधी सांगायला आलो नाही, आज सांगतो.”

वहिनींनी त्याच्या खिशाकडे बघितलं. शेडबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“किती निघाल्या?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पट्टीच्या चकत्या. चार ना?”

फिटरने मान वर केली.

“ह्यांना पान्हा कुठल्या बाजूने धरायचा तेही कळायचं नाही, तुम्हाला माहितेय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. “तुमचं सांगणं मी नीट ऐकलं होतं. एकीने थोडं जास्त उचलतं, तर पाचांनी किती उचलेल, असा हिशोब केला. त्या दिवशी सगळ्यांत मोठं झाड होतं.”

“मग आज आणखी जोर कशाला हवाय?” त्याने कसंबसं विचारलं.

“जोर नकोच होता, भाऊजी. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून तुमच्या हाताने बाहेर काढवलं. दोन वर्षं माझी चूक तुम्ही वाहिलीत, आणि मी ती वाहू दिली.”