ड्रायव्हरशेजारची जागा

नीगातात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे वाकून वाकून आम्हा तिघांचं कंबरडं मोडलं होतं. तोक्योची गाडी गाठायला टॅक्सी केली. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारी हुद्द्याने सगळ्यांत खालचा बसतो. त्याने रस्ता सांगायचा, डुलकी काढायची नाही. कितीतरी वर्षं तिथे मी बसायचो, मागे माझे साहेब शिगेमात्सु. साठीला निवृत्त करून कंपनीने त्यांना हुद्द्याविना परत घेतलं, माझ्याच हाताखाली. आज त्यांनी पुढचं दार उघडलं. “साहेब, तुम्ही मागे बसा.” “साहेब आता तुम्ही,” ते हसले. “आणि पहिल्या दौऱ्यात इथे कोण घोरत होतं?” दुसऱ्याच सिग्नलला त्यांचं डोकं काचेला टेकलं, घोरणं सुरू झालं. ड्रायव्हरने आरशातून मला विचारलं, “पुलावरून घेऊ? पाच मिनिटांत पोचाल.” “लांबून घ्या,” मी हळूच म्हणालो. माझ्याशेजारच्या असाकुराने मोबाइलवर पुढच्या गाडीची तिकिटं काढली.