तोकडी वायर

वायरमन पुतण्याने मोटार होडीच्या मागच्या टोकाला बसवली, लाल-काळी वायर उलगडली आणि कपाळावर हात मारला. “काका, वायर तोकडी आणलीत! बॅटरी पुढे हवी. मोटार, बॅटरी आणि तुम्ही, सगळेच मागे आलात तर होडी पुढून उचलेल.” “कशी उचलेल? पुढे काकू बसते ना तुझी,” काका सहज बोलून गेले. काकूला जाऊन महिनाही झाला नव्हता. ‘वल्ही मारून खांदे जातील, मोटार घ्या,’ असं तीच तर कानीकपाळी ओरडायची. पुतण्याने बॅटरी मागेच जोडली. काका चढून मागे बसले. होडीचं नाक चांगलंच वर गेलं आणि पुढच्या फळीवरची काकूची उशी घसरत थेट त्यांच्या पायाशी आली. काकांनी ती उचलली, झटकली, छातीशी धरली. “जा,” ते म्हणाले, “लांब वायर आण.”